मळकं फडकं हवंय

सून : हे काय आहे?

शेजारीण : फडकं आहे, वहिनी. तुमचंच.

सून : फडकं आहे ते दिसतंय मला. ते पांढरं का आहे?

शेजारीण : आता काय बोलावं! पांढरंच दिलं होतंत की. काळं दिलं असतंत तर काळं आणून दिलं असतं.

सून : थट्टा नको. आठवडाभर खिडकीला टांगलं होतंस ना हे? कारखान्याच्या बाजूच्या खिडकीला?

शेजारीण : म्हणजे काय! आईशपथ टांगलं होतं. येता-जाता बघत होते. पहिल्या दिवशी नुसतं मळकट, मग तव्याच्या बुडासारखं, आणि काल तर विचारूच नका. हात लावला तर बोटाला चिकटायला लागलं. मला बाई झोप लागेना.

सून : मग?

शेजारीण : मग काय, धुतलं.

सून : धुतलंस.

शेजारीण : तीन पाण्यांतून! आधी सोड्यात भिजत घातलं, मग साबण, मग चिमूटभर नीळ. आणि हे बघा, इस्त्रीसुद्धा केली. घडी कशी सुरेख बसलीय!

सून : अगं... अगं बाई, कशासाठी टांगायला दिलं होतं मी ते?

शेजारीण : त्या हवा तपासणाऱ्या साहेबांना दाखवायला.

सून : काय दाखवायला?

शेजारीण : फडकं.

सून : काजळी! त्याच्यावर बसलेली काजळी दाखवायला! आज चार वाजता सभा आहे. साहेब येणार, कारखान्याचा मॅनेजर येणार, आणि दुसऱ्या धुरांड्याच्या परवानगीवर सही होणार. बालवाडीच्या भिंतीला खेटून धुरांडं, कळतंय का तुला? तुझी पोर जाते तिथे, माझी नाही! तो साहेब म्हणाला, तोंडी तक्रार चालत नाही बाई, डोळ्यांना दिसेल असं काहीतरी आणा. म्हणून मी शाळेचे गणवेश बाजूला टाकले, ताग्यातून अख्ख्या बोळाला पुरतील एवढी फडकी कापली, कडा शिवल्या, घरोघर जाऊन वाटली, ज्यांना जमेना त्यांची शिडीवर चढून टांगून दिली. आणि तू नीळ घालून आणलंस?

शेजारीण : ओरडू नका हो. काकू झोपल्या असतील आत.

सासू : झोपू देताय कुठे. जागीच आहे. आले बाहेर.

सून : या, या. बघा तुमच्या लाडकीचा प्रताप.

शेजारीण : काकू, तुम्हीच सांगा. साहेब मोठा माणूस. तो ते हातात घेणार, वर-खाली करून बघणार. कोपऱ्यात माझा घर नंबर शिवलेला. आणि त्यावर ती सगळी घाण? म्हणेल ना, ही बाई घर कसं ठेवते!

सून : तो म्हणेल, कारखाना हवा कशी ठेवतो!

शेजारीण : ते नंतर. आधी बाईचंच नाव निघतं. तुम्हाला काय, तुमच्या कडा सरळ आल्या की तुम्ही खूश.

सून : बरं, असू दे. एक गेलं. एकानं काही बिघडत नाही. बाकीची आहेत. आई, मी गणवेश पोचवायला गेले तेव्हा बायका येऊन देऊन गेल्या ना फडकी?

सासू : हो. सगळ्या आल्या. इथे खुर्चीत बसून घेतली मी.

सून : कुठे ठेवलीत?

सासू : मशीनवर पिशवी आहे बघ. कात्रीखाली.

सून : ही? ही पिशवी... आई, हिला वास कसला येतोय?

सासू : साबणाचा.

सून : नाही.

सासू : दोन-तीन साबणांचा. एकीनं ते वासाचं पाणी वापरलंय, लोकरीच्या कपड्यांचं.

सून : नाही हो, नाही, नाही. हे पांढरं. हे पांढरं. हे तर कडक आहे, खळ घातलीय. हे... हे काय आहे? हे फूल कुणी काढलंय कोपऱ्यात?

सासू : ती कोपऱ्यावरची. म्हणाली, घर नंबर फारच उघडा-बोडका दिसत होता.

सून : आणि हे माझं नाहीच. हे माझ्या ताग्यातलं कापडच नाही!

सासू : ते चष्मेवालीचं. तिचं मेलं निघालंच नाही. घासून घासून भोक पडलं. म्हणून बाजारातून नवं आणून दिलं. म्हणाली, तुमच्या सुनेला सांगू नका.

सून : मला बसू दे जरा. पाणी दे गं कुणीतरी.

शेजारीण : देते, देते. वहिनी, तुमचा चेहरा पांढराफटक पडलाय.

सून : त्यालाही नीळ घाल.

सासू : घोट घोट पी. ठसका लागेल.

सून : आई, तुम्ही प्रत्येक फडकं हातात घेतलंत. प्रत्येक. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की अरे, ही धुतलीयत? कुणाला तरी सांगावं?

सासू : वाटलं नाही.

सून : का?

सासू : मलाही ते बरोबरच वाटलं. कुणी आपलं मळकं फडकं दुसऱ्याच्या हातात देतं का?

सून : संपलं. सगळं मुसळ केरात! मला सांग, हे सगळ्यांच्या डोक्यात एकदम आलं कसं?

शेजारीण : एकदम कुठे? नळावर विषय निघाला. जिन्याखालची म्हणाली, बाई, माझं तर फारच घाण झालंय, तुमचं कसं आहे? आता असं विचारल्यावर कोण सांगेल? मी म्हटलं, आमचं काही तेवढं नाही झालं.

सून : खोटं बोललीस.

शेजारीण : मग? तुम्ही काय सांगितलं असतंत? मग ती वरच्या मजल्यावरची म्हणाली, मी तर धुवूनच देणार. झालं! एकीनं धुतलं म्हटल्यावर मागे कोण राहतंय? उद्या सभेत सगळ्यांची ओळीनं टांगणार, त्यात एकटं आमचंच काळं? नाकच कापायचं म्हणजे!

सून : सगळ्यांचीच काळी असणार होती गं, वेडे!

शेजारीण : ते आता कळतंय. तेव्हा प्रत्येकीला वाटत होतं, आपलंच तेवढं.

सासू : खरं बोलली. प्रत्येकीला वाटतं आपलंच.

सून : धुतलंस तेव्हा पाणी कसं निघालं?

शेजारीण : काळंभोर. पहिलं पाणी तर हात दिसेना आत. आणि तळाला काय चमचम करत होतं, वहिनी! जरीची पूड सांडावी तसं.

सून : ते पाणी कुठे आहे?

शेजारीण : ओतलं की मोरीत. आणि मग मोरी घासली.

सून : अर्थातच. मोरी घासली. मोरी कशी राहील!

शेजारीण : चिडू नका ना. आता परत टांगू या का? चार वाजेपर्यंत?

सून : एक वाजून गेलाय. दोन-तीन तासांत काय बसणार त्यावर? जरासं मळकट दिसेल. मॅनेजर म्हणेल, बाई, हे तर तुमच्या हाताचे डाग. मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना?

शेजारीण : मागच्या वेळी काय?

सून : साहेब आला होता. याच बोळात. त्याचं यंत्र त्यानं मोठ्या रस्त्यापलीकडे, कचेरीच्या गच्चीवर ठेवलंय, आणि ते म्हणतं हवा ठीक आहे. मी भांडून त्याला इथे आणला. त्यानं काय केलं? त्या खांबाजवळच्या खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं. असं. आणि बोट मला दाखवलं.

शेजारीण : स्वच्छ होतं.

सून : लख्ख! तो म्हणाला, बाई, माझ्या घरात याहून जास्त धूळ आहे. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. तेव्हापासून मी विचार करतेय, असं झालंच कसं? रोज काळा थर बसतो, आणि त्याच दिवशी नाही?

शेजारीण : पण वहिनी, त्या दिवशी तर सगळ्यांनी पहाटेपासून पुसलं होतं. खिडक्या, कट्टे, दारं. जिना धुतला. पन्हळीसुद्धा पुसल्या काठीला फडकं बांधून.

सून : कुणी सांगितलं होतं?

शेजारीण : तुम्हीच.

सून : मी?

शेजारीण : तुम्हीच नाही का दारोदार फिरलात? "साहेब येणार आहेत, बोळ जरा चांगला दिसू दे." मी म्हटलंसुद्धा, वहिनी, पन्हळी कशाला? तर तुम्ही म्हणालात, साहेबाची नजर कुठेही जाते.

सून : आई, मी असं म्हणाले होते?

सासू : म्हणाली होतीस. शिडीही तूच दिलीस.

सून : म्हणजे मीच.

सासू : तू एकटी नाही. आपण सगळ्याच. रोज उठायचं आणि पुसायचं. माझी सासू पुसायची, मी पुसलं, तू पुसतेस. त्या कारखान्यानं रात्रभर टाकायचं, आणि आपण उजाडायच्या आत उचलायचं. फुकटात. साहेब येईपर्यंत सगळं साफ. चोराच्या मागून जाऊन त्याची पावलं पुसत बसलोय.

सून : हे तुम्हाला आधी सुचलं होतं?

सासू : नाही. आत्ता बोलता बोलता सुचलं. मलाच दचकायला झालं.

शेजारीण : काकू, अंगावर काटा आला हो माझ्या.

सून : तुझ्या अंगावर? तू जपून काटा आण. तुझा नवरा त्याच कारखान्यात आहे.

शेजारीण : आता ह्यांचा काय संबंध?

सून : काही नाही. नळावर विषय निघाला म्हणालीस. कुणी काढला, ते बघावं म्हटलं.

शेजारीण : म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला? मला ह्यांनी सांगितलं, जाऊन फडकी धुवायला लाव सगळ्यांना?

सून : मी तसं म्हटलं नाही.

शेजारीण : म्हटलंत की! घरात येऊन तोंडावर म्हटलंत!

सून : माझ्याच घरात आहेस तू.

शेजारीण : तर काय झालं! ऐका वहिनी. ह्यांची नोकरी गेली तर आमची चूल बंद, हे खरंय. ते भट्टीसमोर उभे राहून लोखंड ओततात, हेही खरंय. तुम्ही फडकं द्यायला आलात तेव्हा ते घरात होते. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी काय केलं माहितेय? तुम्ही गेल्यावर माझ्या हातातनं फडकं घेतलं आणि स्वतः खिडकीला बांधलं. म्हणाले, चांगली घट्ट गाठ मारतो, नाहीतर उडून जाईल. आणि तुम्ही मला...

सासू : चुकलं तिचं. तू बस.

सून : चुकलं माझं. बस गं. रडू नकोस. आज मला कुणावर तरी ओरडायचंय आणि आरशासमोर उभं राहायला वेळ नाही.

शेजारीण : तुमचं आपलं नेहमीचंच. कात्रीला धार नि जिभेलाही.

सून : घे, डोळे पूस.

शेजारीण : कशानं, ह्यानं? हे माझंच फडकं आहे.

सून : पूस. निदान कशाला तरी उपयोगी पडू दे.

सासू : हसा आता दोघी. आणि विचार करा काहीतरी.

सून : थांबा. थांबा जरा. आपण पुसतो ना? मग पुसणं! प्रत्येक घरात पुसायचं फडकं असतंच. दाराआड, मोरीच्या कोनाड्यात. इतक्या दिवसांची सगळी काजळी त्यातच असणार. तीच गोळा करू! खिडकीचं नको, घरातलं पुसणं घेऊन चला सगळ्या. तेच टांगू साहेबासमोर!

शेजारीण : पुसणं?

सून : हो!

शेजारीण : माझं पुसणं? सभेत? वहिनी, ते मी माझ्या सख्ख्या बहिणीला दाखवलेलं नाही.

सून : नवऱ्याची सगळी अंडीपिल्ली तू नळावर सांगतेस, आणि पुसणं दाखवायला लाजतेस?

शेजारीण : नवऱ्याचं वेगळं. नवरा सगळ्यांचा सारखाच असतो.

सून : जा, घेऊन ये. तू पहिली. तुझं बघून बाकीच्या आणतील. आत्ता नळावरच्यासारखंच, फक्त उलटं.

शेजारीण : आणते. पण वहिनी...

सून : आता पण काय?

शेजारीण : तेही धुतलेलं आहे.

सून : पुसणं?

शेजारीण : रोज धुते मी. पुसून झालं की लगेच. नाहीतर दुसऱ्या दिवशी कशानं पुसणार? आणि नुसती मी नाही. सगळ्याच. दुपारी वर बघा ना, दोरीवर ओळीनं पुसणीच वाळत असतात. तुमचंही वाळतंय.

सून : माझंही.

सासू : मीच घातलं सकाळी, तसंच निथळत.

सून : म्हणजे अख्ख्या बोळात, ज्या बोळावर दिवस-रात्र काळा धूर पडतो, त्या बोळात एक... एक मळकी वस्तू नाही?

शेजारीण : नाही बाई. असं कसं ठेवणार?

सून : काय करू मी? हसू का रडू? चार वाजता मी तिथे उभी राहणार. मॅनेजर छान कडक शर्ट घालून येणार. आणि मी पिशवी उघडून काय काढणार? फूल काढलेलं फडकं? खळ घातलेलं फडकं? हे बघा साहेब, आमच्याकडे इतका धूर आहे, की आम्ही सगळ्या फार स्वच्छ आहोत! सही होईल. पाचच मिनिटांत होईल. आणि पुढच्या वर्षी बालवाडीतली पोरं खिडकी लावून गाणी म्हणतील.

शेजारीण : असं नका म्हणू. काहीतरी असेलच. एखाद्या माळ्यावर, एखाद्या कपाटामागे...

सासू : आहे.

सून : काय आहे?

सासू : मळकं. आहे या घरात.

सून : कुठे? मी परवाच सगळं झटकलंय.

सासू : माझ्या गादीखाली हात घाल. पायथ्याशी. भिंतीकडून.

सून : तुमच्या गादीखाली? काय ठेवलंय तुम्ही तिथे?

सासू : जा. मला वाकून काढता येत नाही. आणि उघडू नको. बाहेर घेऊन ये.

शेजारीण : काकू, काय आहे हो?

सासू : बस तू. कळेल.

(सून आतून उशीच्या जुन्या अभ्र्याचं गाठोडं घेऊन येते. शिलाई मशीनवर ठेवून गाठ सोडते.)

सून : हे रुमाल आहेत.

सासू : हो.

सून : तुमचे रुमाल. मी शिवलेले.

सासू : हो.

सून : हे काळं कसलं, आई?

सासू : तेच. खिडकीवरचं.

सून : खिडकी पुसलीत रुमालानं? हे असे ठिपके... हे पुसल्याचे नाहीत. हे असं मधोमध, घट्ट...

सासू : तोंडातून येतं.

शेजारीण : अगं आई गं.

सून : तोंडातून.

सासू : खोकल्याबरोबर. सकाळी जास्त. मग दिवसभर थोडं थोडं.

सून : तुम्ही खोकता? आई, मी दिवसभर या खोलीत असते. तुमची खोली ती पलीकडे. मध्ये नुसता पडदा आहे. मी तुमचा खोकला कधी ऐकलेला नाही!

सासू : तुझी मशीन चालू असते तेव्हाच खोकते मी.

सून : काय?

सासू : मशीन थांबली की थांबते. तोंडावर पदर घेते. तुला दोरा ओवायला वेळ लागला की जीव कासावीस होतो. पुन्हा मशीन सुरू झाली की बरं वाटतं.

सून : आई!

सासू : गणवेशाच्या दिवसांत चांगलं असतं. काम भरपूर असतं तुला.

सून : आणि हे? ह्या कोपऱ्यात हे लाल आहे.

सासू : ते परवाचं.

सून : परवाचं! आणि आज सांगताय? तेही सांगितलं नसतंत! हे सगळे रुमाल... इतके कसे साठले?

सासू : साठवले नाहीत मी. रोज धुवायचे. तू उठायच्या आत, अंघोळीच्या पाण्यात. गेल्या आठवड्यापासून हातात पिळायला जोर राहिला नाही. म्हणून गादीखाली सारले. म्हटलं, जरा बरं वाटलं की सगळे एकदम धुवू.

सून : तुमच्या मुलाला तरी सांगायचंत.

सासू : त्याला सांगायचं आणि तुला नाही? तो घरी येऊन पहिलं तुलाच सांगणार. पोटात काही राहतं का त्याच्या.

सून : का नाही सांगितलंत पण? मी काय परकी आहे?

सासू : परकी असतीस तर सांगितलं असतं. लोक काय म्हणतात खोकल्याला, माहीत नाही तुला? क्षय म्हणाले असते. तुझ्याकडे मापं द्यायला कुणी आलं नसतं. गणवेश गेले असते. झाकली मूठ बरी म्हटलं.

सून : जाऊ देत गणवेश! खड्ड्यात गेले गणवेश!

शेजारीण : काकू... काकू, तुम्ही तर घराबाहेरही पडत नाही.

सासू : नाही गं. कुठे जाऊ आता. खिडकीशी बसते.

शेजारीण : कारखान्यात तर तुम्ही कधी पाऊलही टाकलं नाही.

सासू : नाही.

सून : असं का विचारतेस?

शेजारीण : ह्यांचे रुमाल असेच असतात.

सून : तुझ्या नवऱ्याचे?

शेजारीण : हुबेहूब. असाच काळा ठिपका, मधोमध. आणि उन्हात धरला की चमकतो. मी म्हणायचे, भट्टीसमोर उभं राहणारा माणूस, त्याचं असंच असणार. कामाचा भाग आहे. पगार त्याचाच देतात. मी रोज धुते. कधी कुणाला बोलले नाही. मला वाटायचं, जो तिथे जातो त्यालाच होतं. घरात आलं, दार लावलं, की आपण सुटलो. पोरीला म्हणायचे, बाबा आले की अंघोळ होईपर्यंत त्यांना चिकटू नको. आणि काकू इथे, घरात, खिडकीशी बसून...

सासू : रडू नको.

शेजारीण : परवा पोरीचं नाक पुसलं, वहिनी. फ्रॉकच्याच टोकानं पुसलं. काळं आलं. मी म्हटलं, कोळशाशी खेळली असेल. आमच्याकडे कोळसा कुठे आहे? आमच्याकडे गॅस आहे! मी माझ्या मनाशी काय काय बोलते!

सून : तो फ्रॉक...

शेजारीण : धुतला. धुतला मी! सगळं धुते मी! पण ह्यांचा कालचा रुमाल आहे. आज पहिल्यांदा धुवायचा राहिला, फडक्याला इस्त्री करत बसले म्हणून. कपड्यांच्या टोपलीत आहे अजून. मी आणते.

सून : त्यांना विचार आधी. त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे.

शेजारीण : कामावर आहेत ते. आणि गाठ त्यांनीच घट्ट मारली होती ना? मी आणते. आणि जिन्याखालचीकडे जाते, वरच्या मजल्यावरचीकडे जाते. फडकं नको म्हणते, पुसणं नको म्हणते. रुमाल दाखव म्हणते. तुझ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा रुमाल दाखव. बघते ना कोण काय लपवतंय!

सून : हळू जा. चप्पल तरी घाल!

सासू : गेली. वाऱ्यासारखी आली, वाऱ्यासारखी गेली. पोर चांगली आहे. तू उगाच टाकून बोललीस.

सून : आई, तुम्ही आधी उठा. मी रिक्षा आणते. दवाखान्यात जाऊ.

सासू : आणि चार वाजता?

सून : चार वाजता काय व्हायचं ते होवो. मला लाल दिसलंय त्या रुमालावर. आता मला धुरांडं दिसत नाही, साहेब दिसत नाही.

सासू : परवापासून मी जिवंत आहे. आणखी दोन तास राहीन. दवाखाना संध्याकाळी उघडा असतो. सही एकदाच होते.

सून : हट्ट करू नका.

सासू : हट्ट नाही. ऐक. आधी सभा, तिथूनच थेट दवाखाना. तू म्हणशील तो डॉक्टर, तू म्हणशील ती तपासणी. सुई टोचा, फोटो काढा, काय ते करा. एकदाही नाही म्हणणार नाही. आजवर कधी तुला असा शब्द दिलाय?

सून : कधीच नाही. कडू औषध तुम्ही कुंडीत ओतता.

सासू : ती कुंडी छान वाढलीय. मग? ठरलं?

सून : बरं. पण तुम्ही घरी आराम करा. मी हे रुमाल घेऊन जाते. कुणाचे आहेत ते सांगणार नाही. तुमचं नाव घेणार नाही, शपथ. काम आटोपलं की रिक्षा घेऊन इथेच येते.

सासू : आणि मॅनेजरनं विचारलं, बाई, हे कुणाचे? कशावरून या बोळातले? शाई नाही कशावरून?

सून : मी सांगेन काहीतरी.

सासू : तुला खोटं बोलता येत नाही. ओरडता येतं. तो हसेल, तू ओरडशील, आणि साहेब म्हणेल, बाई, शांत व्हा. रुमाल न्यायचे की घरी ठेवायचे, ते नंतर. आधी मला उठव.

सून : कुठे?

सासू : येते मी.

सून : सभेत? तुम्ही? आई, चारचौघांत? सगळा बोळ असणार तिथे. तुम्हाला नुसती उसवलेली शिवण दिसली तर तुम्ही बाहेर पडत नाही!

सासू : माहीत आहे मला. मी माझी मलाच ऐकतेय आणि हादरलेय. पण रुमालाला तोंड नाही. मला आहे. हात दे.

सून : सभा खाली मैदानात नाही. कचेरीच्या वरच्या हॉलमध्ये आहे. दोन जिने चढायचे आहेत.

सासू : म्हणून तर आत्ताच निघू. मला प्रत्येक पायरीवर थांबावं लागतं.

सून : कधीपासून?

सासू : ते तिथेच सांगते, सगळ्यांसमोर. दोनदा सांगायला दम पुरायचा नाही.